दोरी ओढून हात दुखले, पण यंत्र काही बोलेना!



गणपती-गौरी गेल्या, नवरात्र उंबऱ्यावर आले, की आमच्या वसई भागात एकच तक्रार कानी पडू लागते. "साहेब, गवत कापायचे यंत्र सुरूच होत नाही." यंदाही तेच झाले. एका आठवड्यात आगाशी, नाळे, भुईगाव या बाजूंकडून मिळून चार-पाच जणांनी हेच गाऱ्हाणे सांगितले. म्हणून या वेळी खत-औषधाचा विषय बाजूला ठेवून यंत्राबद्दलच बोलू या.

आगाशीच्या पुढे एका वाडीवर गेलो होतो. घरधनी पहाटेच्या गाडीने नोकरीवर जातात. वाडी पाहते ती घरची सून. नारळ, केळी, थोडा मोगरा आणि खाली दीड एकर भात. गडीमाणूस मिळत नाही. जवळपास एवढे कारखाने आणि इमारतींची कामे असताना विळा हाती घेऊन कोण येणार? म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी खांद्यावर अडकवायचे पेट्रोलचे गवत-कापणी यंत्र घेतले. ते जूनपासून कोपऱ्यात उभे होते. आता केळीच्या ओळींत गवत कमरेएवढे झालेले. दोनच दिवसांपूर्वी त्यात घोणस दिसली होती आणि शाळेत जाणाऱ्या पोरांची पायवाट तिथूनच. भात आठ-दहा दिवसांत कापणीला येणार. यंत्र मात्र ढिम्म.

बाई म्हणाल्या, "साहेब, एका मेस्त्रीला दाखवले. तो म्हणतो पिस्टन गेले, चार हजार लागतील. त्यापेक्षा हे भंगारात घालावे आणि बचत गटातून कर्ज काढून नवे घ्यावे, असे मनात आहे."

मी म्हटले, "ताई, कर्ज काढायचे ते काढा, पण आधी तासभर बसून बघू या."

तेवढ्यात ओटीवर बसलेले त्यांचे सासरे बोलले. वय ऐंशीच्या घरात. "आमच्या बावखळावर रॉकेलचा पंप होता. पेट्रोलवर चालू करायचा, तापला की रॉकेलवर न्यायचा. संध्याकाळी बंद करताना पुन्हा पेट्रोलवर आणून मगच बंद करायचा. एखाद्या दिवशी कंटाळा करून रॉकेलवरच बंद केला, तर दुसऱ्या सकाळी दोरी ओढून खांदा निखळायचा. यंत्र सकाळी बिघडत नाही हो, ते आदल्या संध्याकाळी बिघडलेले असते."

मी बी. एस्सी. ॲग्री. झालो, तीस वर्षे खात्यात काढली, पण एवढ्या थोडक्यात ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. आजच्या लेखाचे सारही तेच आहे. यंत्र सुरू होत नाही, याचे कारण बहुधा ते ठेवताना झालेल्या हयगयीत असते.

हे यंत्र मूळचे आपल्या वाडीसाठी जन्मलेले नाही. इंग्लंडमध्ये एडविन बडिंग नावाच्या माणसाने १८३० साली हिरवळ कापण्याचे पहिले यंत्र केले. कापडाच्या गिरणीत कापडावरची लव कातरणारे यंत्र पाहून त्याला ते सुचले. फिरत्या दोऱ्याने गवत कापायची युक्ती १९७१ साली अमेरिकेत जॉर्ज बॅलास यांनी काढली. तीही गाडी धुण्याच्या फिरत्या ब्रशांवरून. साहेबांच्या बंगल्यापुढील हिरवळीसाठी निघालेली वस्तू आज आपल्या केळीत, बांधावर आणि भातकापणीलाही चालते. मात्र तिच्या इंजिनाला हवे ते सगळीकडे सारखेच. चांगले तेल, वेळेवर ठिणगी, मोकळी हवा आणि पुरेसा दाब. या चारांपैकी एक जरी रुसले, तरी इंजिन बोलत नाही. म्हणून शोधही याच क्रमाने घ्यावा. आधी फुकटचे उपाय, मग दहा-वीस रुपयांचे आणि मेस्त्री सर्वांत शेवटी.

पायरी पहिली : बटण, कॉक, चोक

हसू नका. बंद करायचे बटण 'बंद'वरच राहिलेले मी कितीदा तरी पाहिले आहे. पेट्रोलचा कॉक असेल तर तो उघडा आहे ना, पाहावे. रबरी फुगा असेल तर नळीत पेट्रोल फिरताना दिसेपर्यंत तो सहा-सात वेळा दाबावा. इंजिन थंड असेल तर चोक लावावा. एकदा ते 'फुर्र' करून गेले, की चोक काढून पुन्हा ओढावे. तापलेल्या इंजिनाला सहसा चोक लागत नाही.

फोर-स्ट्रोक इंजिन असेल तर त्याच्या खालच्या तेलाची पातळी पाहावी. काही इंजिनांत तेल कमी झाले की ठिणगी आपोआप बंद होण्याची सोय असते. यंत्र उतारावर ठेवले तरी तेल एका बाजूला जाऊन तसे होते. बिघाड कसलाच नसतो, सपाटीवर आणले की काम होते.

पायरी दुसरी : पेट्रोल

ताईंना मी विचारले, "टाकीतले पेट्रोल कधीचे?" त्या म्हणाल्या, "मृगाच्या आधी भरले होते. अर्धी टाकी उरली, म्हटले पुढे कामी येईल."

आम्ही ते पांढऱ्या काचेच्या बाटलीत ओतले आणि ओटीवर ठेवले. थोड्या वेळाने वर पिवळसर आणि तळाशी गढूळ असे दोन थर स्पष्ट दिसले. पिस्टन नव्हे, पेट्रोलच गेले होते.

असे का होते, ते समजून घ्या. आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते. २०२२ साली देशात हे प्रमाण १० टक्क्यांवर आले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोचले. उसाची मळी, रस, धान्य यांपासून ते होते. त्यात शेतकऱ्याचेही हित आहे, त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेते. अर्धी टाकी भरलेली म्हणजे अर्धी टाकी हवा. आपली समुद्रकाठची हवा, त्यात चार महिने पाऊस. इथेनॉल त्या हवेतली ओल पीत राहते. पाणी मर्यादेबाहेर गेले, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात. टाकीतली नळी तळातूनच ओढते, म्हणजे इंजिनाला मिळते ते हेच पाणचट मिश्रण. शिवाय फार दिवस पडून राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ उरते, ती वेगळीच.

म्हणून महिन्याहून जुने पेट्रोल शंकेखाली धरावे आणि दोन थर दिसले तर ते मुळीच वापरू नये. हलवून पुन्हा भरणे म्हणजे स्वतःची फसवणूक. हे खराब पेट्रोल विहिरीजवळ, बावखळाजवळ किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

इथे आणखी एक चूक होते. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावे लागते. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. २५ ला १ असेल तर एक लिटर पेट्रोलला ४० मिली, ४० ला १ असेल तर २५ मिली आणि ५० ला १ असेल तर २० मिली ऑइल. अंदाजाने 'एक धार' ओतू नये. औषधाच्या दुकानातून मिलीच्या खुणांचे एक माप आणावे, त्यावर यंत्राचे नाव लिहावे आणि ते पुन्हा कधीही औषधाला वापरू नये. ऑइल जास्त झाले तर प्लग काळा होतो. ऑइल नसले तर पिस्टन खरोखरच धरतो आणि मग मेस्त्री म्हणेल ते चार हजार खरे होतात. फोर-स्ट्रोक इंजिनात मात्र पेट्रोल निखळ घालायचे, त्याचे ऑइल वेगळ्या जागी असते. घरात दोन्ही प्रकारची यंत्रे असतील तर डबेही दोन ठेवा आणि त्यांवर ठळक अक्षरांत लिहा.

पायरी तिसरी : प्लग

प्लगची रबरी टोपी काढून पान्याने प्लग उघडावा. इंजिन गार असतानाच हे करावे. प्लगचे टोक मातकट-तपकिरी असेल तर इंजिनाची प्रकृती उत्तम. काळे कोरडे असेल तर हवा कमी पडते किंवा चोक लागून राहतो. काळे तेलकट असेल तर ऑइल जास्त. पेट्रोलने ओले असेल तर पेट्रोल पोचते आहे, पण पेटत नाही. दहा वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडा ठणठणीत असेल, तर पेट्रोलच वर येत नाही.

तारेच्या ब्रशने किंवा बारीक पॉलिश पेपरने टोक साफ करावे, कपड्याने पुसावे. दोन टोकांमधील फट साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर हवी. मग प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावा आणि दुसऱ्याने दोरी ओढावी. निळी, टणक ठिणगी दिसली तर ठीक. पिवळी, मरतुकडी दिसली किंवा दिसलीच नाही, तर प्लग नवा घालून पाहावा. शंभर-सव्वाशे रुपयांत शंका फिटते.

पण सावध! ही परीक्षा घेताना प्लग त्याच्या भोकापासून दूर धरा, भोकावर फडके टाका, सांडलेले पेट्रोल आधी पुसा आणि डबा दूर न्या. त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, ती ठिणगीने पेट घेते. टोपी उघड्या हाताने धरू नका, झटका बसतो.

ओढून ओढून प्लग ओला झाला असेल, तर त्याला 'इंजिन बुडाले' म्हणतात. अशा वेळी आणखी ओढून उपयोग नाही. प्लग काढा, चोक काढा, बटण बंद ठेवा आणि दोरी आठ-दहा वेळा मोकळी ओढा. साचलेले पेट्रोल उडून जाईल. प्लग कोरडा करून बसवा.

पायरी चौथी : गाळण्या आणि हवेची वाट

ताईंच्या यंत्राचा प्लग आम्ही साफ केला, ठिणगी झकास आली, ताजे मिश्रण भरले, तरीही यंत्र गप्पच. प्लग काढून पाहिला तर कोरडा. म्हणजे पेट्रोल वाटेत अडले होते. टाकीतली बोंडाएवढी गाळणी तारेच्या आकड्याने वर ओढली, तर ती चिकट राळेने गच्च झालेली. ताईंचा मुलगा सायकलवरून जाऊन नवी गाळणी घेऊन आला. ती बसवली, फुगा दाबला, तर नळीत पेट्रोल खेळताना दिसू लागले. चौथ्या ओढीला यंत्र खोकले आणि पाचव्या ओढीला असे गरजले, की ओटीवरचे आजोबा टाळी वाजवून हसले. गाळणी, प्लग आणि लिटरभर पेट्रोल मिळून खर्च तीनशे रुपयांच्या आत.

हवेची गाळणीही पाहावी. स्पंजाची असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पिळून, पूर्ण वाळवून घालावी. पुस्तिकेत सांगितले असेल तर तिला दोन थेंब ऑइल चोळावे. कागदाची असेल तर धुऊ नये. हलके झटकावी किंवा बदलावी.

आता माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याच घरचे यंत्र बंद पडले. पेट्रोल नवे, प्लग नवा, गाळणी नवी. अर्धा दिवस मी दोरी ओढत बसलो. शेवटी पत्नी म्हणाली, "धूर जायची वाट तरी बघितलीत का?" सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे सुबक घर बांधले होते! पावसाळाभर उभ्या असलेल्या यंत्रात हे नेहमी होते. टू-स्ट्रोकमध्ये तर काजळीनेही ती वाट बुजते. तेव्हा दोरीला हात घालण्यापूर्वी एकदा त्या तोंडात डोकावून पाहावे.

पायरी पाचवी : दाब

प्लग घट्ट बसवून दोरी सावकाश ओढा. मध्येच हाताला अडसर लागला पाहिजे. दोरी विहिरीत रिकामी बादली सोडल्यासारखी सळसळ येत असेल, तर आत दाब उरलेला नाही. रिंगा, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट यांचे काम असेल. दोरी अजिबात हलत नसेल तर जोर करू नका, आत काही धरलेले आहे. चाकांच्या हिरवळ-यंत्राचे पाते दगडावर आपटून मग ते सुरू होत नसेल, तर फ्लायव्हीलची छोटी चावी कापली गेल्याची शंका घ्यावी. त्यामुळे ठिणगी येते, पण भलत्या वेळी येते.

ही कामे मेस्त्रीची. कार्बोरेटरची बारीक छिद्रे राळेने बुजली असतील तर तेही त्याच्याकडेच न्यावे, सुई घालून ती मोठी करू नयेत. मात्र जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. "पेट्रोल ताजे आहे, ठिणगी निळी आहे, गाळणी नवी आहे, प्लग कोरडा राहतो," एवढे सांगितले की मेस्त्रीचा वेळ वाचतो आणि आपले पैसे वाचतात. चांगल्या मेस्त्रीला असे गिऱ्हाईक आवडते.

आता ठेवण्याची रीत

हंगाम संपला आणि यंत्र महिनाभर लागणार नाही असे दिसले, की टाकी पूर्ण रिकामी करावी. मग यंत्र सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. नळीतले आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल संपते. इंजिन गार झाल्यावर प्लग काढून भोकातून पाच-सहा थेंब ऑइल सोडावे, दोरी एक-दोनदा हळू ओढावी आणि प्लग पुन्हा बसवावा. पाते पुसून तेलाचा हात फिरवावा, आपल्या खाऱ्या वाऱ्याला लोखंड फार आवडते. यंत्र जमिनीवर न ठेवता खुंटीला किंवा फळीवर ठेवावे. वर जुने धोतर किंवा चादर टाकावी. प्लॅस्टिक गुंडाळू नये, आत ओल धरते. सायलेन्सरच्या तोंडात रंगीत चिंधीचा बोळा घालावा आणि तो काढायची आठवण राहावी म्हणून चिंधीचे टोक बाहेर लोंबते ठेवावे. सगळे मिळून अर्ध्या तासाचे काम आहे.

शेवटी जिवाच्या चार गोष्टी. पात्याला हात लावण्यापूर्वी प्लगची टोपी काढलीच पाहिजे. पेट्रोल भरताना विडी, चूल, दिवा जवळ नको आणि तापलेल्या इंजिनात भरणे नको. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत ठेवू नका, तहानलेले मूल ती तोंडाला लावते. आणि बंद खोलीत किंवा विहिरीच्या आत इंजिन कधीही चालवू नका. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. विहिरीत उतरलेला माणूस त्याने गुदमरतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. यंत्र पुन्हा मिळेल, माणूस मिळणार नाही.

त्या ताईंनी दुसऱ्याच दिवशी पायवाटेच्या दोन्ही बाजू साफ केल्या. पायात बूट, डोळ्यांवर चष्मा आणि पोरे घरात ठेवून. बचत गटाचे कर्ज घेतले नाही. मी निघताना आजोबांनी सुनेला सांगितले, "कापणी झाली की टाकी रिकामी कर गं, मी आठवण करीन." ज्या घरात अशी आठवण करणारे कोणी असते, तिथले यंत्र सहसा रुसत नाही. तुमच्या घरात कोणी नसेल, तर हे पान कापून यंत्राच्या खुंटीशेजारी चिकटवून ठेवा.

पुढील आठवड्यात केळीची पिले केव्हा आणि कशी काढावीत, ते पाहू.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी